देव न मानणाऱ्यानं पोथीशी कसं वागावं

श्रावण लागला की खान्देशातल्या बऱ्याच घरांत एक वाद हमखास निघतो. शिकून पुण्याला, सुरतेला गेलेलं कोणीतरी सणाला घरी आलेलं असतं आणि ते देव मानत नसतं. जेवता जेवता विषय निघतो. काका म्हणतात, "मानायचं नसेल तर नको मानू, पण मान तरी ठेव." पुतण्या म्हणतो, "जे मला खोटं वाटतं त्याचा मान कशाला ठेवू? ढोंग करू का?" थोड्या वेळात दोघांचे आवाज चढतात आणि काकू ताटं उचलायला लागतात.

दोघं एकाच गोष्टीवर भांडतायत असं वाटतं, पण तसं नसतं. काका वागण्याबद्दल बोलत असतात, पुतण्या मताबद्दल. ही गल्लत जगभर होते, आणि तत्त्वज्ञांनी तिच्यावर बराच खल केला आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ स्टीफन डारवॉल यांनी १९७७ साली एका लेखात आदराचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. पहिला प्रकार समोरच्याची जागा ओळखण्याचा. तो माणूस आहे, त्याचं स्वतःचं डोकं आहे, स्वतःचं आयुष्य आहे, एवढ्यावर हा आदर आपण त्याला देणं लागतो. समोरचा हुशार आहे की बावळट, याच्याशी या आदराचा संबंध नाही. कोर्टात न्यायाधीश आले की वकील उठून उभा राहतो. त्यांचा मागचा निकाल त्याला साफ चुकीचा वाटलेला असला तरी उठतो. दुसरा प्रकार गुण पाहून द्यायचा. कोणाची शेती चांगली, कोणाचा गळा चांगला, कोणाचा शब्द पक्का, ते पाहून मनात जे येतं तो. हा कमी-जास्त होतो, आणि मुख्य म्हणजे मागून मिळत नाही. "माझं कौतुक कर" असं म्हटल्यावर जे मिळतं त्याला तोंडदेखलेपणा म्हणतात.

आता हे देवाधर्माला लावून पाहा. वारीला निघालेला माणूस, नमाजाला चाललेला माणूस, रविवारी चर्चला जाणारा माणूस, यांचा पहिल्या प्रकारचा आदर नास्तिकावर बंधनकारक आहे. त्यात घासाघीस नाही. त्यांच्या मतांचा मात्र दुसऱ्या प्रकारचा आदर कोणी हक्कानं मागू शकत नाही. मतं तपासायची असतात. पटली तर घ्यायची, नाही पटली तर तसं सांगायचं. माणसाला जो मान जन्मतः मिळतो तो त्याच्या मतांना आपोआप चिकटत नाही, मग ती मतं माझी असोत नाहीतर काकांची.

इथवर सोपं आहे. अडचण पुढं येते, कारण माणूस आणि त्याची श्रद्धा अशी सुरीनं कापून वेगळी करता येत नाही. चैत्रात सप्तशृंगगडाकडे खान्देशातून पायी जाणाऱ्यांचे जथे निघतात. डांबर वितळेल असं ऊन, पायाला फोड, हातात झेंडा. त्यातल्या एखाद्या बाईला तुम्ही म्हणालात, "मावशी, तुमचा मान राखतो, पण तुम्ही करताय तो मूर्खपणा आहे," तर पहिल्या अर्ध्या वाक्याला काही किंमत उरत नाही. त्या घटकेला तिचं चालणं हीच ती असते. वाटेत पाण्याचे माठ मांडून बसणाऱ्यांत देव न मानणारेही असतात. पाणी देताना कोणी कोणाला मत विचारत नाही.

दुसऱ्या टोकाची अडचणही खरी आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ सायमन ब्लॅकबर्न यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात तिच्यावर बोट ठेवलं. एका ज्यू सहकाऱ्यानं त्यांना जेवायला बोलावलं, तिथं एका छोट्या धार्मिक विधीत सामील व्हायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि जेवणाचा विचका झाला. त्यांचं म्हणणं असं की आदराची मागणी हळूहळू सरकत जाते. सुरुवातीला एवढंच असतं की आम्हाला आमचं करू द्या. मग म्हणतात, थोडा हातभार लावा. मग, आमच्या श्रद्धेला उच्च माना. आणि शेवटी, तिच्यापुढं गप्प बसा. पहिलं मान्य केलं म्हणून शेवटचं मान्य केलं असं होत नाही.

हा इशारा मला पटतो. त्या जेवणात त्यांच्या जागी मी असतो तर मात्र तो विधी बिनदिक्कत केला असता. पाहुण्यानं यजमानाच्या घरी चार मिनिटं त्याच्या पद्धतीनं वागणं म्हणजे धर्मांतर नव्हे, आणि यजमानही ते तसं समजत नाही. दारात कपाळाला कुंकू लावून घेतल्यानं कोणाचा विवेकवाद बुडत नाही. तो एवढ्याशानं बुडत असेल तर तो मुळातच कच्चा होता.

खान्देशातल्या कानबाई या देवीचं उदाहरण घेतो, कारण या प्रश्नाची सगळी गुंतागुंत त्या एका सणात सापडते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ, दागिने घालून देवी सजवतात, चौरंगावर बसवतात, केळीचे खांब लावतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन होतं. एरवी वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ त्या दिवशी एका ओट्यावर बसतात. त्यात देव न मानणारा मुलगाही असतो. चौरंग उचलायला पहिला तोच पुढं होतो. फुई, म्हणजे आत्या, टोमणा मारते, "तू देवले मानत नही, मंग चौरंग कसाले उचलस?" तो म्हणतो, "तुन्हासाठे, फुई." एवढंच. त्याला ढोंगी म्हणणारे दोन्हीकडं सापडतील. मला त्यात ढोंग दिसत नाही. नारळात देवी आहे असं तो म्हणालेला नाही आणि कोणी त्याच्याकडून वदवूनही घेतलेलं नाही.

त्याच सणातला रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, पाहा. कानबाईचा रोट कुळातल्या, भाऊबंदकीतल्या माणसांनीच खायचा असतो. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला रोट देत नाहीत. यात शेजाऱ्याला अपमान वाटत नाही आणि घरच्यांनाही त्यानं न खाल्ल्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे सामील न होणं आणि अनादर करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे श्रद्धाळू माणसाला पक्कं ठाऊक आहे. परक्या कुळाच्या माणसाला जी मोकळीक मिळते तीच घरातल्या नास्तिकाला द्यायला काय हरकत आहे? आरतीच्या वेळी तो ओसरीवर शांत बसला तर बसू द्यावा. त्यानंही त्या वेळात मोबाइलवर मोठ्यानं बोलू नये.

हे झालं माणसांचं. ग्रंथांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण ग्रंथ एकाच वेळी तीन गोष्टी असतो. तो कोणाच्या तरी घरची लाल फडक्यात बांधलेली पोथी असतो, तिच्यावर आजीच्या हातचं कुंकू असतं. तो एक वाङ्मयीन कृती असतो. आणि तो हुकूम असतो, ज्यात कोणी काय करावं, कोणी कुठं बसावं, हे लिहिलेलं असतं. नास्तिकानं या तिन्हींशी एकसारखंच वागावं असा आग्रह धरला की भांडण झालंच म्हणून समजा.

पोथी म्हणून ग्रंथ आला तर उत्तर सरळ आहे. दुसऱ्याच्या घरची पोथी हात धुऊन उचलायची, पाय लागू द्यायचा नाही, जिथून उचलली तिथं ठेवायची. कागदात काही पवित्र असतं म्हणून नव्हे, तर तो कागद कोणाच्या तरी जिवाचा आहे म्हणून. ज्यांना हे पटत नाही अशा पुरोगामी मित्रांना मी लळिंगची आठवण करून देतो. धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकर तिथं मुक्कामाला होते, आणि दरवर्षी ३१ जुलैला तिथं लोकांची रीघ लागते. येणाऱ्यांत देव अजिबात न मानणारे पुष्कळ असतात. तिथल्या एखाद्या वस्तूला कोणी लाथ मारली तर त्यांना काय वाटेल? जे वाटेल तेच काकांना पोथीबद्दल वाटतं.

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. १९५३ साली तमिळनाडूतले नास्तिक नेते पेरियार रामस्वामी यांनी त्रिचीला जाहीर सभेत गणपतीची मातीची मूर्ती फोडली. तक्रार झाली. खालच्या न्यायालयांनी ती फेटाळली. बाजारातून आणलेली, प्राणप्रतिष्ठा न झालेली मातीची मूर्ती पवित्र वस्तू ठरत नाही, असा त्यांचा विचार होता. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा अर्थ चुकीचा ठरवला. वस्तू कितीही क्षुल्लक असो, लोकांचा एखादा वर्ग तिला पवित्र मानत असेल तर ती कायद्याच्या दृष्टीनंही तशीच, न्यायाधीशांचा स्वतःचा त्यावर विश्वास असो वा नसो, असं न्यायालय म्हणालं. बराच काळ लोटला होता म्हणून पेरियारांवरचा खटला मात्र पुन्हा उभा केला नाही. म्हणजे न्यायालयानं मूर्तीत देव आहे की नाही या भानगडीत न पडता माणसांकडं पाहिलं.

आता ग्रंथ वाङ्मय म्हणून. इथं नास्तिकाचं एक देणं आहे आणि बहुतेक नास्तिक ते बुडवतात. ते देणं म्हणजे वाचणं. व्हॉट्सॲपवर आलेला एक श्लोक, त्याखाली कोणीतरी केलेला भलताच अर्थ आणि वर "हा बघा यांचा धर्म" अशी ओळ, याला टीका म्हणत नाहीत. मागचं-पुढचं वाचायचं नाही, कोण कोणाला कधी म्हणतंय ते पाहायचं नाही, आणि हजारभर वर्षांच्या ग्रंथाचा निकाल तीन सेकंदांत लावायचा. मग हेच लोक श्रद्धाळूंना आंधळे म्हणतात!

या बाबतीत खान्देशानं एक दाखला ठेवला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी राजकीय कैद्यांसमोर गीतेवर अठरा प्रवचनं दिली, दर रविवारी एक, २१ फेब्रुवारी ते १९ जून. साने गुरुजी तिथंच कैदेत होते, त्यांनी ती उतरवून घेतली. विनोबा श्रद्धाळूच होते, पण मुद्दा पुढचा आहे. याच माणसानं परक्या धर्माचा ग्रंथ समजून घ्यायला अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला, निवडक आयतांचं सार काढलं, ख्रिस्ती धर्माचं सारही काढलं. आपला नसलेला ग्रंथ वाचायला इतके कष्ट घेणं हा आदराचा सगळ्यात कसदार प्रकार मला वाटतो. आणि त्याला त्या ग्रंथावर विश्वास असण्याची अट नाही.

ग्रंथ मानणं म्हणजे देव मानणं, हे समीकरणही आपल्याकडं कधी पक्कं नव्हतं. आपल्या जुन्या दर्शनांपैकी पूर्वमीमांसेवाल्यांना वेद शिरोधार्य होते, पण ते कोणी केलेले नाहीत, अपौरुषेय आहेत, असं ते म्हणत. जग घडवणाऱ्या ईश्वराची त्यांना गरज भासली नाही. सांख्यांचंही ईश्वरावाचून भागलं. चार्वाकांनी वेद आणि ईश्वर दोन्ही झटकून टाकले. अमळनेरला १९१६ मध्ये प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तिथं असल्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं चर्चा झडल्या. ज्या भागात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते त्याच भागात हेही चाललं होतं, आणि त्यानं कोणाचं काही अडलं नाही.

तिसरा प्रकार म्हणजे ग्रंथ हुकूम म्हणून. इथं मी हात जोडणार नाही. ज्या ग्रंथाच्या आधारानं कोणाला पाणी नाकारलं, देवळाच्या दारात थांबवलं, बाईला माणूस मानलं नाही, त्या ग्रंथाला केवळ प्राचीन म्हणून नमस्कार करा असं म्हणणं हा त्या माणसांचा अनादर आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते, हे अनेकांना माहीत नसतं. ती कृती आणि रस्त्यावर चिडवण्यासाठी कोणाचा ग्रंथ फाडणं यात फरक काय, असं मला कोणी विचारलं तर दोन गोष्टी सांगेन. बाबासाहेबांनी तो ग्रंथ त्याच्या कैवाऱ्यांपेक्षा जास्त बारकाईनं अभ्यासला होता. आणि जाळणाऱ्यांच्या पाठीवर त्या ग्रंथाचे वळ होते. बलवानाच्या हातातला हुकूम जाळणं वेगळं आणि दुबळ्याच्या उशाची पोथी जाळणं वेगळं. दुसऱ्याला मी कधीच पाठिंबा देणार नाही, मग तो ग्रंथ कोणत्याही धर्माचा असो.

साने गुरुजींनी हाच प्रश्न आतून सोडवला. अमळनेरच्या या मास्तरांनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. देवावर त्यांची माया होती, म्हणून देवाच्या नावानं चाललेला अन्याय त्यांना जास्त झोंबला. नास्तिकांनी लक्षात ठेवावं की रूढी मोडणाऱ्यांत श्रद्धाळूंचा वाटा फार मोठा आहे. अशा माणसाशी "आधी देव सोड, मग बोलू" असं वागणं हा अनादर तर आहेच, शिवाय शुद्ध वेडेपणाही आहे.

मग गप्प कुठं बसायचं नाही? सातपुड्यात आजही एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवतात. गावात मूल आजारी पडतं, बैल मरतो, भगत, म्हणजे गावचा मांत्रिक, तिचं नाव घेतो, आणि मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी कधी खूनसुद्धा. तिथं "त्यांची श्रद्धा आहे, आपण आदर करू" असं म्हणणारा त्या बाईला माणसातून वजा करतो. पहिल्या प्रकारचा आदर तिचा आधी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भूमिका नेमकी हीच होती: देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि वर्षअखेरीला जादूटोणाविरोधी कायदा झाला.

या कायद्याला धर्मविरोधी म्हणणाऱ्यांनी तो बहुधा उघडूनही पाहिलेला नसतो. काय गुन्हा नाही, याची यादीच त्यात दिली आहे. वारी, यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणं. ज्यात शरीराला इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही असे घरातले, मंदिरातले, दर्ग्यातले, चर्चमधले विधी. कान-नाक टोचणं, जैनांचं केशलोचन, ज्योतिषाचा सल्ला, अगदी नंदीबैलवाल्यांचं भविष्य सांगणंही. मला विचाराल तर ज्योतिषाला यात जागा द्यायला नको होती, पण ते असो. रेघ कुठं ओढली आहे ते पाहा. खरं की खोटं, हे कायदा विचारत नाही. इजा झाली का, लुबाडणूक झाली का, एवढंच विचारतो. नास्तिकानं कुठं बोलावं आणि कुठं सोडून द्यावं, याला ही रेघ पुष्कळ उपयोगी पडते.

भोंग्याचंही तसंच. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि तो सगळ्या धर्मांना सारखा आहे. परीक्षेच्या दिवसांत पारायणाचा आवाज कमी करा म्हणणारा धर्माचा अपमान करत नाही. त्याला घरी जाऊन सांगायची हिंमत मात्र हवी. मागून पोस्ट टाकणं सोपं असतं.

कायद्याबद्दल आणखी एक गैरसमज आहे. भावना दुखावल्या की गुन्हा, असं लोक समजतात. लाहोरमधल्या एका पुस्तिकेच्या वादानंतर १९२७ साली भारतीय दंड संहितेत २९५-अ हे कलम आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ आहे. त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमान लागतो, आणि १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तेच स्पष्ट केलं. प्रामाणिक टीका, अभ्यास, मतभेद यांना हे कलम लागू व्हायला नको. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात काय होतं ही वेगळी गोष्ट.

आतापर्यंत सगळी देणी नास्तिकाच्या माथी मारली. उलट बाजूचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमात धर्माच्याही आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य येतं, आणि न मानण्याचं स्वातंत्र्य त्यातच आहे. तरी "देव मानत नाही" म्हणणाऱ्या सुनेला, "उपास करत नाही" म्हणणाऱ्या मुलीला घरात किती ऐकावं लागतं! मुलगा असेल तर "डोकं फिरलंय" म्हणून सोडून देतात, सुनेचं संस्कारांवर जातं. महात्मा फुल्यांनी सार्वजनिक सत्यधर्मात एक कुटुंब रंगवलं आहे: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाच्या धर्माचा हेवा न करता सगळे गोडीनं एकत्र राहतात. त्यात एक नास्तिक वाढवला तर घर मोडणार नाही.

फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, अध्यक्ष पंडित नेहरू होते. धर्मविधींवर त्यांचा विश्वास नव्हता. आपल्या मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं की माझ्यासाठी कोणतेही धार्मिक विधी करू नयेत. राखेची मूठ प्रयागला गंगेत टाकावी, पण त्यामागे धार्मिक अर्थ नाही, लहानपणापासून त्या नदीशी जडलेली माया आहे. १९६४ मध्ये ते गेले, आणि अंत्यविधीत मंत्र म्हटले गेलेच. पंतप्रधानाची ही गत, तर आपल्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांची काय?

धुळ्यात, जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं देहदानाचा अर्ज भरता येतो. अनेक नास्तिक तो भरून निर्धास्त होतात. पण देह नेऊन द्यायचा असतो नातेवाइकांनी, आणि त्यांनी हरकत घेतली तर कॉलेज तो घेत नाही. दहावा, तेरावा, पिंडाला कावळा, सगळं ठरवणारे तेच, आणि ते बहुधा देव मानणारे असतात. तेव्हा अर्ज भरायच्या आधी त्यांच्याशी बोलून घ्या, एकदा नाही, चार वेळा.